गाडी देऊन आले

आमच्या गल्लीत अजूनही कुणीतरी विचारतं, "सिस्टर, तुमची ती बिनआवाजाची गाडी विकली का हो?" मी विकली नाही. हिंगोली जिल्ह्यात आखाडा बाळापूरला, माझ्या बहिणीची मुलगी प्रज्ञा असते, तिला देऊन आले. एवढं सांगितलं की पुढचं वाक्य येतं, "मग चांगलंच झालं की!" तिथे मला पटकन हो म्हणता येत नाही. म्हणून हे लिहायला बसले. प्रवास दोन झाले. एक हळद शिजवायच्या दिवसांत त्या गाडीतून जाण्याचा, आणि दुसरा सोयाबीन निघायच्या दिवसांत रेल्वे आणि एसटीने जाण्याचा.

मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. लग्न केलं नाही. नोकरी संपल्यावर छत्रपती संभाजीनगरला भावाच्या घरी राहायला आले. आयुष्य वॉर्डात गेलं, म्हणजे माणसांत गेलं, आणि नंतर भावाचं भरलेलं घर. कुणी पाणी मागतंय, कुणी बीपी बघा म्हणतंय, कुणाचं लेकरू मांडीवर. वाईट काही नव्हतं, पण दार लावून बसावं अशी एक खोली मला कधी मिळाली नाही. गियरची गाडी शिकायला मी बरेचदा जाऊन आले होते. क्लच सोडला की गाडी गचका देऊन बंद पडायची आणि मागचे लोक हॉर्न वाजवायला लागायचे. इलेक्ट्रिक गाडीत क्लच नाही, गियर नाही, हे शोरूममध्ये एक चक्कर मारून कळलं आणि मी त्याच आठवड्यात गाडी घेतली.

घरात ज्याला त्याला मत होतं. भाऊ म्हणाला, पावसात शॉक बसेल. वहिनी म्हणाली, उन्हाळ्यात पेटतात म्हणे. पुतण्या म्हणाला, आत्या, बॅटरी गेली की भंगार. पावसाळे गेले, उन्हाळे गेले, काही झालं नाही. रात्री अंगणातल्या प्लगला लावायची, सकाळी भरलेली. लांब जायचं म्हटलं की मात्र आधी बसून ठरवावं लागायचं, कुठे थांबायचं, कुठे लावायची, तिथलं मशीन चालू असेल का. पेट्रोलवाल्यांना हा विचार करावा लागत नाही, हे खरंच आहे. पण रोज संध्याकाळी गावाबाहेरच्या रस्त्यावर जाऊन काचा वर करायच्या आणि शांत बसायचं, हे सुख मला त्या गाडीने दिलं.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. बाजूचं दिसणं कमी होत चाललं होतं. "अंधार पडल्यावर अजिबात चालवू नका, आणि दिवसाही हळूहळू सोडा," ते म्हणाले.

त्याच वेळी मला प्रज्ञा आठवली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सासर बाळापूरला, शाळा वारंगा फाट्याच्या पुढच्या एका खेड्यात. रोज काळी-पिवळी जीपने जायची, बरोबर आणखी तिघी शिक्षिका. एकदा मी बाळापूरला गेले असताना तिला जीपमध्ये बसताना पाहिलं होतं. मागच्या बाकावर चौघी एकमेकींत अडकून बसलेल्या, मांडीवर पिशव्या, पायाशी कुणाची तरी खताची गोणी.  मी तिला फोन केला आणि म्हणाले, "प्रज्ञा, माझी गाडी तुझी. येऊन मला बरोबर घेऊन चल, रस्त्यात शिकवते." 

ती मग रडायला लागली. मला वाटलं, आनंदाने रडतेय. आनंदानेच रडत होती बहुतेक.

जिंतूर ते औंढा

प्रज्ञाकडे लायसन्स होतं. नांदेडच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकली होती, पण त्यानंतर स्टेअरिंगला हात लावला नव्हता. संभाजीनगरपासून जिंतूरपर्यंत मी चालवली, भरदिवसा, सावकाश. ती माझी गाडी चालवण्याची शेवटची वेळ, हे मला माहीत होतं.

जिंतूरच्या पुढे रस्ता डोंगरात शिरतो. तिथे मी बाजूला घेतली आणि जागा बदलल्या. 

"क्लच कुठंय?" ती पायाने शोधत म्हणाली.

"नाही. डावा पाय गुंडाळून ठेव."

"अन् गाडी चालू झाली का?"

"झालीय."

"आवाज तर आला नाही!"

पहिल्या वळणाला तिने ओठ घट्ट मिटून स्टेअरिंग धरलं होतं. मी सांगितलं, घाईने ब्रेक दाबू नकोस. पाय अलगद उचलला की गाडी आपणच मंद होते, आणि मंद होताना बॅटरीत थोडं परत भरतं. चढावर बॅटरीचे टक्के भराभर उतरले तशी ती घाबरली. "मावशी, असंच राहिलं तर औंढ्यालाच ढकलत न्यावी लागंल." मग उतार लागला. तिने पाय उचलून धरला. खाली आलो तेव्हा समोरचा आकडा एकाने वाढलेला होता.

"मावशी, वाढलं! उतरताना वाढलं!" ती लहान मुलीसारखी ओरडली. 

इतकी खूश झालेली प्रज्ञा मी तिच्या लग्नातही पाहिली नव्हती.

औंढ्याच्या अलीकडे एका पंपावर चार्जर असल्याचं फोनवर दिसत होतं. गेलो तर मशीन उभं होतं, पण पडदा काळा. पंपावरचे एक गृहस्थ सावलीत खुर्ची टाकून बसले होते. 

"चालू हाय का हो?" प्रज्ञाने विचारलं.

"मशीन बराबर हाय बाई. वरूनच लाईन न्हाई. कवा येईल त्याचं सांगता येत न्हाई."

पुढे थोड्या अंतरावर एक ढाबा दिसला. मालक मारोतराव, डोक्याला उपरणं, पोट सुटलेलं. त्यांना मी अडचण सांगितली. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, आणि म्हणाले, "माझ्या गिरणीचा जाड प्लग हाय मागं. त्याला लावा की. फोनवानी लावायची ना?" इथे लाईन गेली नव्हती, कारण ढाबा गावाच्या दुसऱ्या तारेवर होता. केबल पुरावी म्हणून प्रज्ञाने गाडी पार चुलीजवळ मागे घेतली. आम्ही लावली, आणि तो हिरवा दिवा लुकलुकायला लागला तसे ढाब्यावरचे सगळे उठून आले.

हा प्रकार मला नवा नव्हता. गाडी कुठेही लावली की मतं गोळा होतात. 

"एका चार्जिंगात किती पळते?"

"उन्हात फुटत न्हाई ना?"

"आमच्याकडं मोटरीला रातची लाईन असती. तवा गाडी लावावी का पाणी द्यावं?"

"डिझेलचं बरं. वास तरी येतो, चालू हाय ते कळतं."

मारोतरावांच्या बायकोने परातीत पीठ मळता मळता फक्त एकच विचारलं, तेही प्रज्ञाला. "तुमीच चालवता व्हय?"

"आजपासून," प्रज्ञा म्हणाली.

"चांगलं हाय," ती बाई म्हणाली आणि पिठाचा गोळा हातात घेऊन जरा वेळ गाडीकडे बघत राहिली.

असल्या प्लगवर गाडी भरायला वेळ लागतो. आम्ही पिठलं, ज्वारीची भाकरी, तव्यावरचा ठेचा खाल्ला. रस्त्यापलीकडच्या शेतात हळद शिजत होती. मोठ्या पिंपातून वाफ निघत होती आणि शिजवलेल्या हळदीचे ढीग बायका पसरत होत्या. आमच्या संभाजीनगरला हळद पुडीतच दिसते. इथे मातीचा, लाकडाचा, आणि त्या ओल्या हळदीचा वास एकत्र येत होता, जरा उग्र, पण नाकात बसणारा.

बसल्या बसल्या प्रज्ञाने फोन लावला. जीपमधल्या मैत्रिणींना. स्पीकरवरच बोलत होती.

"उद्यापासून माझी जागा धरू नका गं. मी गाडीनं येणार." 

पलीकडून एकच कल्ला झाला. मग एकजण म्हणाली, "अन् प्रश्न कोण विचारणार?"

"तुम्हीच विचारा. मी तुमच्या पुढून हॉर्न वाजवत जाईन."

मी विचारलं, कसले प्रश्न? तेव्हा तिने सांगितलं. त्या चौघी खात्याच्या बढतीच्या परीक्षेचा अभ्यास जीपमध्ये करायच्या. एकीने पुस्तकातला प्रश्न वाचायचा, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. जीपवाले बाबूराव पुढून मध्येच उत्तर ठोकून द्यायचे, आणि ते नेहमी चुकायचं, त्यावर हसू. येताना मात्र अभ्यास नाही, डब्यात उरलेलं खायचं आणि घरच्या गोष्टी बोलायच्या.

"आता घरी शांत बसून अभ्यास कर," मी म्हणाले. "जाण्यायेण्याचा वेळ वाचेल."

"हं," ती म्हणाली.

आखाडा बाळापूर

हिंगोली, कळमनुरी मागे टाकून आम्ही दिवस मावळायच्या आत बाळापूरला पोचलो. शेवटपर्यंत तिनेच चालवली. घरापुढे माणसं जमलीच होती.

प्रज्ञाच्या घरची माणसं सांगते. सासरे ग्रामसेवक होते, आता घरी. ती त्यांना मामा म्हणते. सासूबाई, मामी, बोलायला मोकळ्या, राबायला वाघीण. नवरा विशाल, बाळापूरच्या बाजारात त्याचं मोटरपंप दुरुस्तीचं दुकान, पंप आणायला-पोचवायला टेम्पो तोच चालवतो. मूल अजून नाही. "जय भीम ताई, या," म्हणत मामा पुढे आले. त्यांचा चेहरा आणि पाय सुजलेले पाहून माझ्यातली नर्स जागी झाली. मी विशालला बाजूला घेऊन सांगितलं, यांची किडनी तपासा, लवकर.

विशालने अंगणात गाडीसाठी नवा प्लग बसवून ठेवला होता. खाली खड्डा खणून कोळसा-मीठ टाकून अर्थिंगही केलेलं. ते काम पाहून मला बरं वाटलं, पण माझ्या मनातली शंका गेली नाही. मी वॉर्डात हजारो बायका पाहिल्या होत्या. बाईच्या नावावर आलेली वस्तू घरात कशी हळूहळू दुसऱ्याची होते, ते मला माहीत होतं. आज शाळेला जाते गाडी, उद्या दुकानाला लागेल, परवा हिला पुन्हा जीप. 

रात्रीच्या जेवणाला मटणाचा रस्सा आणि भाकरी होती. जेवणं व्हायची होती, सगळे ओट्यावर बसले होते, शेजारच्या कावेरीकाकूही होत्या. त्या सगळ्यांसमोर मी उभी राहिले, हातात किल्ली धरली आणि म्हणाले:

"एक गोष्ट मी स्पष्ट सांगते. ही गाडी प्रज्ञाची आहे. ही फक्त प्रज्ञाच चालवेल. दुसऱ्या कुणी स्टेअरिंगला हात लावायचा नाही. मला शब्द द्या."

 मामी मामांकडे बघायला लागल्या. विशाल जरा हसला. मग त्याने माझ्या हातातली किल्ली घेतली आणि सगळ्यांसमोर प्रज्ञाच्या हातात दिली. "शब्द दिला, मावशी," तो म्हणाला.

मी फार समाधानाने जेवले. दुसऱ्या दिवशी एसटीने परत आले. बसमध्ये खिडकीशी बसून मला वाटत होतं, आयुष्यात एक काम तरी पुरं केलं.

वारंगा फाटा

पुढचे महिने फोनवर प्रज्ञा म्हणायची, सगळं छान आहे. मामांची किडनी खरंच बिघडली होती, डायलिसिस सुरू झालं होतं, आठवड्यातून दोनदा नांदेडला. "गाडी होती म्हणून बरं झालं," ती म्हणायची. मीही म्हणायचे, बरं झालं.

सोयाबीन निघायच्या दिवसांत मी पुन्हा निघाले. रेल्वेने नांदेड, तिथून एसटीने वारंगा फाटा. प्रज्ञा फाट्यावर घ्यायला येणार होती. ती आली नव्हती. फाट्यावर नेहमीसारखी गर्दी होती, ट्रक, ट्रॅव्हल्स, केळीवाले, रस्त्याच्या कडेला सोयाबीनच्या ट्रॉल्या. मी एका चहाच्या टपरीवर बसले. टपरीवाल्याने विचारलं, कुणाकडं जायचं? मी सांगितलं, बाळापूरच्या प्रज्ञा मॅडम घ्यायला येऊन राहिल्यात.

"त्या व्हय, बिनआवाजाच्या गाडीवाल्या?" तो म्हणाला. "लई चकरा त्यांच्या. सकाळी नांदेडकडं जातेत, मग शाळेला वापस येतेत, संध्याकाळी पुन्हा नांदेड. मधी कोणाला सोडायला कळमनुरी. आमी म्हणतो, एसटीच्या डायव्हरला बी इतकी ड्यूटी न्हाई."

मी चहा तसाच धरून बसले.

प्रज्ञा आली ती तासाभराने. कावेरीकाकूंच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या, तिला कळमनुरीच्या दवाखान्यात सोडून आली होती. गाडीतून उतरून तिने मला मिठी मारली. वाळली होती. डोळ्यांखाली काळं झालं होतं. गाडी मात्र लखलखीत. मागच्या सीटवर उशी, पांघरूण, पाण्याचा कॅन, आणि मामांसाठी ठेवलेली एक छोटी बादली.

ती गाडी चालवायला लागली तेव्हा मला अभिमान वाटला, हेही खरं सांगते. इतकी अलगद चालवत होती की खड्डासुद्धा कळत नव्हता. 

"परीक्षेचं काय झालं?" मी विचारलं.

"झाली परीक्षा," ती म्हणाली. "मी बसले नाही. पुढच्या वेळी बघू."

आणि तिने विषय बदलला.

नरसी

दुसऱ्या दिवशी रविवार होता. कावेरीकाकूंना नातू झाला होता आणि त्यांनी नरसीला नामदेवांच्या पायावर डोकं ठेवायचा नवस बोलला होता; सोयर फिटेपर्यंत थांबायला त्या तयार नव्हत्या. त्या शेतकरी घरातल्या, मामींच्या बालपणापासूनच्या मैत्रिणीसारख्या. मामी म्हणाल्या, "चल की, ताई बी आल्यात, त्यांना बी दाखवू नरसी." प्रज्ञाने टक्के बघितले, केबल काढली, गुंडाळून मागे ठेवली.

कळमनुरी, हिंगोली करत आम्ही नरसीला पोचलो. दोन्ही बाजूंना सोयाबीन कापून ढीग लावलेले, मध्येच हिरवी हळद उभी. मंदिराच्या रस्त्याला दुकानांची रांग, चुरमुरे, बत्तासे, गळ्यातल्या माळा. कयाधू नदीला पाणी होतं. मामी आणि काकू हातात हात घालून आत गेल्या. मामी बुद्धविहारात जाणाऱ्या, पण इथेही त्यांच्या पायांना संकोच नव्हता. "संत कुणाचा एकट्याचा असतोय व्हय," त्या म्हणाल्या.

मी चहा घेऊन गाडीकडे परत आले. प्रज्ञा सीट मागे करून झोपली होती. तोंड उघडं, हात मांडीवर. मी दार उघडलं तशी दचकून उठली. "कुठं सोडायचं?" असं म्हणाली, झोपेत. मग मला ओळखून हसली.

मी शेजारी बसले. एक कप तिच्या हातात दिला. मग मी विचारलं, "खरं सांग."

"काय खरं सांगू मावशी. कुणाचं काही चुकलं नाही."

"तरी सांग."

तिने चहा संपवला. मग हळूहळू सांगितलं. मामांचं डायलिसिस सुरू झालं. आधी ते एकदा एसटीने गेले, येताना बसमध्येच उलटी, चक्कर. मग गाडीने न्यायचं ठरलं. न्यायचं म्हणजे तिने. पहाटे त्यांना आणि मामींना नांदेडला सोडायचं, परत शाळा, शाळा सुटल्यावर पुन्हा आणायला जायचं. आणि गाडी आहे म्हटल्यावर गल्लीतलं दुखणं-खुपणंही तिच्याच दारात यायचं. कुणाला नाही म्हणायचं? 

"विशालला काय झालंय? तो टेम्पो चालवतो ना?" माझा आवाज चढला.

प्रज्ञा माझ्याकडे बघत राहिली. "मावशी, तुम्हीच नाही का म्हणाला होता? दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

मी हातातला कप खाली ठेवला.

"तो एकदा म्हणाला, मी नेतो मामांना. तर मामाच म्हणाले, न्हाई, ताईला शब्द दिलाय. आपल्या घराला कुणी शब्द मोडणारं म्हणू नये. अन् खरं म्हणजे मामांना माझंच चालवणं सोसतं. गचका बसला की त्यांना त्रास होतो." तिने स्टेअरिंगवर हात फिरवला. "विशालनं आजवर या सीटवर बसून सुद्धा बघितलं नाही. गाडी धुतो तेवढी रोज."

ज्या माणसांवर मी अविश्वास दाखवला होता, ती माणसं माझा शब्द अक्षरशः पाळत होती. 

"अन् मैत्रिणी?" मी विचारलं. "त्यांना तरी गाडीत घेऊन जात जा ना बरोबर."

"नेलं की. पहिले काही दिवस नेलं. पण गंमत माहितीये का मावशी? त्या माझ्या गाडीत पाहुण्यासारख्या बसायच्या. चपला झटकून. डबा उघडायच्या नाहीत, सीटवर सांडेल म्हणून. उतरताना थँक्यू म्हणायच्या. भाडं देऊ करायच्या, मी घ्यायची नाही, मग त्यांना अवघड व्हायचं. अन् मी समोर बघून चालवणार, पुस्तक कोण धरणार? पुढं माझ्याच वेळा चुकायला लागल्या. त्या परत जीपला गेल्या." तिने रिकामा कप खिडकीत ठेवला. "जीपमधला तेवढा वेळ मी कुणाची सून नव्हते, कुणाची मॅडम नव्हते. तुम्हाला वाटायचं मी तिथं दाटीत बसून त्रास काढून राहिले. मला तर ते..."

 मामी आणि कावेरीकाकू प्रसादाच्या पुड्या घेऊन येत होत्या. प्रज्ञाने सीट सरळ केली.

पुन्हा बाळापूर

संध्याकाळी मी ओट्यावर सगळ्यांना बसवलं, आणि म्हणाले, "मी त्या दिवशी बोलले ते चुकीचं बोलले. मी शब्द परत घेते. गाडी घरातल्या सगळ्यांनी चालवा. प्रज्ञा दमलीय."

मामींचा चेहरा पडला. "दमली? आमी काय तिला राबवून राहिलो व्हय, ताई? तिनं एकदा तरी म्हणायचं."

"मामी, तसं नाही," प्रज्ञा मध्येच म्हणाली. "मावशींना उगाच वाटतंय."

मामा खाटेवर टेकून बसले होते. सुईच्या जागी हाताला पट्टी होती. ते म्हणाले, "पोरीला तकलीफ हाय तर मी एसटीनं जातो. मला काय."

प्रज्ञा चटकन उठून त्यांच्याजवळ गेली. "तुम्ही गप्प बसा मामा. कोण एसटीनं जाऊन राहिलं?" 

आणि ती माझ्याकडे रागाने नाही, पण विनवणीने बघत होती, मावशी आता थांबा. मी थांबले. कुणाचीच चूक नसलेल्या घरात मी एकटीच भांडायला उभी राहिल्यासारखी झाले होते.

विशाल शेवटी म्हणाला, "पुढच्या बारीला मी नेतो बाबांना. सावकाश चालवायचं शिकंन." मग प्रज्ञाकडे बघून, "तूच शिकव."

"पाय अलगद उचलायचा," ती म्हणाली. सगळे हसले. थोडं हलकं झालं.

पण नंतर भांडी घासताना मी तिला म्हणाले, "आता काही दिवस तरी पुन्हा जीपने जा. मैत्रिणींबरोबर." तेव्हा ती म्हणाली, "माझ्या जागेवर आता नवीन मॅडम बसतात, मावशी. चांगल्या आहेत. त्या परीक्षेलाही बसल्या. तिघींचे पेपर चांगले गेले म्हणे, चौथीचा कसा गेला ते बोलत नाही ती. निकाल लागला की बढती अन् बदल्या होतील. मग ती जीप तशी राहणारच नाही." 

तिने हे फार सहज सांगितलं. एक भांडं विसळलं, उपडं घातलं, दुसरं घेतलं.

सोमवारी सकाळी मला फाट्यावर सोडून ती शाळेला जाणार होती. मामींनी पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि नवी हळद बांधून दिली, काल काही झालंच नाही अशा मायेने. विशालने केबल काढून दिली. मामांनी खाटेवरून हात जोडले.

बाळापूर सोडलं आणि थोड्याच अंतरावर पुढे ती काळी-पिवळी जीप दिसली. मागचं दार अर्धवट उघडं, दोरीने बांधलेलं. आत चौघी. त्यांनी गाडी ओळखली आणि सगळ्यांनी एकदम हात हलवले. रस्ता मोकळा होता. समोरून काहीच येत नव्हतं.

"घे पुढे," मी म्हणाले. "माझी बस चुकेल."

"चुकणार नाही. घटका घटकाला बस आहे."

तिने पाय उचलला. गाडी मंद झाली आणि जीपच्या मागे, तिच्याच चालीने चालायला लागली. जीप कुणाला तरी घ्यायला थांबली की आम्हीही थांबायचो. आत एकीच्या हातात पुस्तक होतं. दुसरीने डबा वर करून प्रज्ञाला दाखवला, मग नाक दाबून तोंड वाकडं केलं. तिघी हसून एकमेकींवर पडल्या. प्रज्ञाही हसली, मोठ्याने, स्टेअरिंगवर हात आपटून. काचा बंद होत्या, त्यामुळे ते हसणं आमच्या गाडीतच राहिलं.

"काय म्हणाली गं ती?" मी विचारलं.

"काही नाही मावशी," ती डोळे पुसत म्हणाली. "आमचं असतं ते."

फाट्यापर्यंत तिने जीप ओलांडली नाही.